सोन्याला काय चिकटतं

पहाटे साडेपाच

करोलबागेत रेगरपुऱ्याच्या आमच्या गल्लीत मला गजर लावावा लागत नाही. खाली तात्यांची भट्टी आहे. सिलेंडर बदलताना क्षणभर सुटलेला वास जिन्याने वर येतो आणि जाग येते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, आणि ते हवेत नावापुरतं असलं तरी नाकाला झोंबतं. या कुळाला आता थायॉल म्हणतात. माझी फेलोशिप ज्याच्यावर चालते तो पदार्थही त्याच कुळातला, फक्त दोनऐवजी अठरा कार्बनांचा: ऑक्टाडेकेनथायॉल. एका टोकाला गंधकाचा अणू आणि पुढे कार्बनची लांब साखळी, मेणात असते तीच. साखळी लांब असल्यामुळे तो फारसा उडत नाही आणि वासही बेताचाच येतो, हे माझं नशीब. चार-पाच कार्बनांचे थायॉल वापरणाऱ्यांच्या शेजारी कुणी डबा उघडत नाही.

तात्या म्हणजे माझे चुलते, मूळचे खानापूर तालुक्यातले. विटा, खानापूर, आटपाडी या सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. जिथे सराफकट्टा आहे तिथे आमच्याकडचा एखादा गलाईवाला हमखास भेटतो. दिल्लीत ते चांदनी चौकातल्या कूचा महाजनीत आहेत आणि करोलबागेतही. मोडीचे दागिने वितळवायचे, त्यातलं तांबं-चांदी काढायचं आणि शुद्ध सोनं सराफाच्या हवाली करायचं. सोन्यात मुद्दाम आणखी चांदी घालून ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. गल्लीत त्याला तेजाबच म्हणतात. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी उरते. ती पाहून कुणी तिला सोनं म्हणणार नाही. मग मूस, टाकणखार, आणि पुन्हा भट्टी.

"उठलीस व्हय गं? आज परत सोनं उधळायला?" असं ते रोज विचारतात. मी काय करते हे त्यांना नीट ठाऊक आहे. पटत मात्र नाही. सोनं पाच मिनिटांत मळतं, असं मी एकदा म्हणाले होते. चाळीस वर्षं सोनं वितळवलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे वारकऱ्याला पंढरीचा रस्ता सांगणं. "सोन्याला काय चिकटत न्हाई बघ. म्हणून तर ते सोनं," हे त्यांचं उत्तर, आणि त्यावर चहाचा कप माझ्या हातात.

सकाळी पावणेआठ

करोलबागेतून ब्लू लाइन थेट नोएडाला जाते, मधे गाडी बदलावी लागत नाही. माझ्या पीएचडीतली सर्वांत सरळ गोष्ट हीच. नोव्हेंबर आहे, सूर्य पिवळा पडलेला, आणि अर्ध्या डब्याच्या तोंडाला मास्क. सूक्ष्म धुलीकणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा आपला राष्ट्रीय दंडक आहे. या महिन्यात तो दंडक कागदावर राहतो. मला फुप्फुसांइतकीच त्या धुरातल्या सेंद्रिय वाफांची काळजी असते. वाहनांचा धूर, जळका कचरा, तळणाचं तेल: हे सगळं हवेतून कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागावर जाऊन बसतं.

इंद्रप्रस्थ सोडलं की यमुना लागते. इथे ती नुसती काळी आणि संथ. फेस दिसतो तो खाली, ओखल्याला. लॅबमधली एक मैत्रीण मॅजेंटा लाइनने येते, तिला कालिंदी कुंजजवळच्या पुलावरून तो रोज दिसतो. छठपूजेला फेसात उभ्या राहिलेल्या बायकांचे फोटो दर वर्षी छापून येतात. सांडपाणी शुद्ध न होताच नदीत येतं, त्यात साबण आणि डिटर्जंट असतात, बंधाऱ्यावरून पाणी आपटतं आणि घुसळलं जातं. या प्रत्येक बुडबुड्याची भिंत म्हणजे पाण्याचा पापुद्रा आणि त्याच्या दोन्ही अंगांना रेणूंची एकेक रांग. पाणी मानवणारं डोकं आत, तेलकट शेपटी बाहेर हवेत. या रांगा कुणी लावलेल्या नाहीत. आमच्या विषयाचं दिल्लीतलं सर्वांत मोठं प्रात्यक्षिक हे आहे आणि ते बघायला कुणाला तिकीट लागत नाही.

पाण्यावर तेल किती पातळ पसरतं याची पहिली नामवंत नोंद बेंजामिन फ्रँकलिनची. लंडनजवळच्या क्लॅपमच्या तळ्यात त्याने चमचाभर तेल टाकलं आणि अर्धा एकर पाणी शांत झालं, असं त्याने १७७४ साली छापलेल्या निबंधात लिहिलं. अर्धा एकर म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. चमच्यात चार मिलिलिटर धरले तर थराची जाडी येते दोन नॅनोमीटर, म्हणजे साधारण एका रेणूची लांबी. फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही. तो करायला पुढे शंभरावर वर्षं गेली: १८९०मध्ये लॉर्ड रॅलेने ऑलिव्ह तेलाच्या थराची जाडी १.६ नॅनोमीटर काढली.

सव्वानऊ

लॅब तळमजल्यावर आहे. वरच्या मजल्यांना थरथर जास्त, म्हणून आम्ही खाली. आल्या आल्या काचसामान. गेल्या वेळी धुऊन ठेवलेलं असलं तरी पुन्हा. तीन भाग सल्फ्युरिक ॲसिड आणि एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं मिश्रण, ज्याला जगभरच्या लॅबमध्ये पिरान्हा म्हणतात. नाव त्या मांसखाऊ माशाचं आणि काम तसंच: सेंद्रिय काही सापडलं की संपवणं. ते मिसळताना आपोआप उकळीला येतं. त्याच्या जवळपास ॲसिटोनची बाटली ठेवायची नाही, आणि ते कधीही झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, नाहीतर बाटली फुटते. नव्या मुलांना मी पहिले काही आठवडे हे करू देत नाही. ती नाराज होतात, होऊ देत.

पाणी साधं चालत नाही. यंत्रातून येणाऱ्या पाण्याचा विद्युतरोध १८.२ मेगाओम-सेंटिमीटर दिसला पाहिजे. पाणी शुद्ध होत होत जिथे थांबतं तो हा आकडा, कारण पाण्याचे रेणू स्वतःच थोडे फुटून आयन बनतात. आज १८.१ होता. तिघांनी मिळून पाहिलं आणि फिल्टर बदलायची चिठ्ठी लावली.

रेणू आपोआप रचले जातात हे वाक्य सेमिनारमध्ये छान वाटतं. ते खरंही आहे. पण या 'आपोआप'साठी माझी सकाळ रोज जाते, आणि माझ्या विषयातल्या पाठ्यपुस्तकांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. त्यात बाण काढून दाखवतात: इकडे सोनं, इकडे रेणू, आणि लगेच शेजारी नीट उभी असलेली रांग. त्या बाणात किती धुणं आहे ते कुणी लिहीत नाही.

दहा

सोनं तिजोरीत असतं. त्याची वही आहे, दोन सह्या लागतात, आधीचं वजन आणि नंतरचं वजन लिहायचं. सह्या करणारे दोघे एकाच वेळी जागेवर सापडणं हा वेगळा प्रयोग आहे. तात्या मात्र मुठीएवढं सोनं पत्र्याच्या डबीत ठेवून जेवायला जातात.

९९.९९ टक्के शुद्धतेच्या तारेचे तुकडे टंगस्टनच्या बोटीत ठेवायचे, वर सिलिकॉनच्या चकत्या उलट्या लटकवायच्या, घंटेच्या आकाराचं झाकण, आमच्या भाषेत घंटा, बंद करून पंप सुरू. दाब हवेच्या अब्जांशापर्यंत उतरायला तासभर जातो. एवढ्या पोकळीतही दर सेकंदाला पृष्ठभागावर इतके रेणू आदळत असतात की सगळे चिकटले तर एक पूर्ण थर होईल. या हिशेबाच्या एककाला लँगम्युर म्हणतात. साध्या हवेत तोच हिशेब काही नॅनोसेकंदांवर येतो. तात्यांना मी नेमकं हे सांगायला गेले होते.

आधी दहा नॅनोमीटर क्रोम, कारण सोनं सिलिकॉनला नीट धरत नाही. मग शंभर नॅनोमीटर सोनं, सेकंदाला दशांश नॅनोमीटरच्या गतीने, म्हणजे सतराएक मिनिटं. आत बसवलेला क्वार्ट्झचा स्फटिक आपल्या अंगावर बसलेल्या सोन्याच्या वजनाने थोडा सावकाश कंप पावू लागतो, त्यावरून जाडी कळते. एका चौरस सेंटिमीटरवर बसलेलं सोनं भरतं जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. त्यावर माझ्या थायॉलचा जो एक थर बसणार त्याचं वजन याच्या हजारावा भाग, आणि तेवढ्यात ४६० लाख कोटी रेणू असतात.

खरं उधळणं दुसरीकडेच होतं. बोटीतून उडालेल्या सोन्यापैकी चकत्यांवर थोडंच बसतं, बाकीचं घंटेच्या भिंतींवर. म्हणून भिंतींना ॲल्युमिनियमची फॉइल लावतो आणि ती काढून पिशवीत साठवतो. कपाटात अशा पिशव्या बऱ्याच झाल्या आहेत.

पावणेबारा

घंटेत नायट्रोजन सोडून ती उघडली की घड्याळ सुरू. आधी एक चकती नुसती बघण्यासाठी: तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला की तो लगेच पसरून सपाट होतो. ताजं, स्वच्छ सोनं पाण्याला जवळ करतं. १९८०च्या आधी बरीच वर्षं यावर वाद होता, कारण अनेकांच्या सोन्यावर पाणी गोळा होऊन राहत होतं. शेवटी दिसलं की त्यांचं सोनं स्वच्छ नव्हतं. तीच चकती टेबलावर ठेवून दिली आणि तासा-दोन तासांनी पाहिली, की थेंब फुगीर झालेला असतो आणि कडेचा कोन ६०-७० अंशांवर गेलेला असतो. तेवढ्या वेळात लॅबच्या हवेतल्या तेलकट रेणूंनी सोनं झाकलेलं असतं. डोळ्याला ते तसंच पिवळं, झळझळीत. तात्यांचंही चुकत नाही आणि माझंही: सोनं कुणाशी रासायनिक संसार सहजी करत नाही, पण अंगावर कुणालाही बसू देतं.

बाकीच्या चकत्या मी काही मिनिटांत बाटल्यांत सोडते. बाटलीत शुद्ध इथेनॉल, त्यात लिटरला एक मिलिमोल या प्रमाणात थायॉल. झाकण, पॅराफिल्म, लेबल, अंधार.

थायॉल मळ ढकलतंच, मग इतकी घाई कशाला, असं नवा विद्यार्थी विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. थायॉलचं गंधक सोन्याला इतकं घट्ट धरतं की आधी बसलेला मळ ते ढकलून देतं. म्हणूनच ही पद्धत पोकळीविना, साध्या बाटलीत जमते, आणि १९८३ साली राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी सोन्यावर गंधकाच्या संयुगांचे असे थर दाखवल्यावर जगभर पसरली. पण ढकलायला वेळ लागतो, आणि काही जागी मळच जिंकतो. ते दुसऱ्या दिवशी यंत्रावर दिसतं. तेव्हा घाई करता येत नाही.

एक

जेवण. राजमा-चावल. कँटीनमध्ये बंगाली, तमिळ, हरयाणवी सगळे असतात. ठेच्याची बाटली मी घरून आणते, आणि ती आता माझी राहिलेली नाही.

दोन

बाटलीकडे बघण्यासारखं काहीच नसतं. म्हणून तिथे काय चाललं असेल याचा विचार मी जेवणानंतरच्या जड वेळात करते.

पहिले रेणू येऊन सोन्यावर आडवे पडतात. जागा भरपूर असते आणि साखळी सोन्याला लगटून राहू शकते. आडव्या रेणूंच्या पट्ट्या तयार होतात. रेणू वाढत जातात, गर्दी होते, आणि मग कुठेतरी काही उठून उभे राहतात. त्यांच्या कडेला आणखी उभे राहतात आणि उभ्यांची बेटं पसरत जाऊन एकमेकांना भिडतात. १९९६ साली पॉयरियर आणि पायलंट यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली हे पायरीपायरीने पाहिलं आणि 'सायन्स'मध्ये छापलं. या मायक्रोस्कोपसाठी बिनिग आणि रोहरर यांना १९८६चं नोबेल मिळालं होतं.

बहुतेक सोनं पहिल्या काही मिनिटांतच झाकलं जातं. उरलेला सगळा वेळ, रात्रभर आणि कधी त्याहूनही जास्त, रांग नीट होण्यात जातो. सोन्यावर गंधकाचे अणू एकमेकांपासून अर्धा नॅनोमीटर अंतरावर बसतात, सोन्याच्या अणूंच्या षटकोनी मांडणीने ठरवून दिलेल्या जागांवर. पण साखळी त्याहून थोडी अरुंद असते. सरळ उभी राहिली तर शेजारणीपासून फट राहते, म्हणून सगळ्या साखळ्या मिळून सुमारे तीस अंशांनी कलतात आणि फट मिटते. चांदीवर जागा जवळजवळ असतात, तिथे कल बाराच्या आसपासच. शेजारशेजारच्या साखळ्यांमधली ओढ फार क्षीण असते. पण अठरा कार्बनांच्या लांबीवर ती बेरीज होत जाते. आठ कार्बनांच्या साखळ्या इतक्या शिस्तीत राहत नाहीत, अठराच्या राहतात. गंधक फक्त पाय रोवतं. पुढची शिस्त लावतात त्या साखळ्या, शेजारणी.

आणि हे सगळं निर्दोष नसतं. वेगवेगळ्या जागी सुरू झालेल्या बेटांचा कल वेगवेगळ्या दिशांना असतो, ती जिथे भिडतात तिथे शिवण राहते. सोन्यात एका अणूएवढे खोल, म्हणजे पाव नॅनोमीटरचे खड्डेही पडतात. थर खराब होतो तो बहुधा या शिवणींपाशी.

सव्वातीन

लँगम्युरच्या ट्रफवर ज्युनियर विद्यार्थिनी बसली आहे. टेफ्लॉनचा उथळ हौद, काठोकाठ पाणी, वर सरकणारे दोन अडसर, आणि मधे पाण्यात टेकवलेली फिल्टरपेपरची पट्टी, पृष्ठताण मोजायला. रेणू सोन्याला गंधकाने धरले जातात तसे इथे कुणी कुणाला धरत नाही. ते नुसते तरंगतात आणि आपण त्यांना हळूहळू दाबत नेतो.

या यंत्राची आजी स्वयंपाकघरातली आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहणारी आग्नेस पॉकेल्स. त्या काळी मुलींना विद्यापीठ बंद. आई-वडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळत, भांडी धुताना पाण्यावरच्या तेलकट थराचं वागणं पाहून तिने पत्र्याचा हौद केला, पाण्यावर आडवी पट्टी ठेवून ती सरकवत पृष्ठभाग लहान-मोठा केला आणि ताण मोजला. हे सुरू केलं तेव्हा ती विशीची होती. १८९१च्या जानेवारीत तिने रॅलेला पत्र लिहिलं आणि त्याने ते मार्चमध्ये 'नेचर'मध्ये छापवलं. पुढे १९१७मध्ये अर्विंग लँगम्युरने याच धर्तीच्या हौदावर दाखवलं की थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो आणि रेणू त्यात उभे असतात. त्याला १९३२चं नोबेल मिळालं. पॉकेल्सच्या नावाची ट्रफ मिळत नाही, लँगम्युरच्या नावाची मिळते.

"दीदी, कितना डालूँ?" ज्युनियर विचारते. मी तिलाच हिशेब करायला लावते. क्लोरोफॉर्ममध्ये मिलिलिटरला एक मिलिग्रॅम स्टिअरिक ॲसिड. त्यातले पन्नास मायक्रोलिटर. त्यात रेणू किती, आणि प्रत्येकाला ०.२ चौरस नॅनोमीटर जागा धरली तर सगळ्यांना मिळून किती? उत्तर येतं सुमारे २१० चौरस सेंटिमीटर, जेमतेम वहीच्या एका पानाइतकं. आमची ट्रफ याच्या तिप्पट आहे, म्हणजे सुरुवातीला रेणूंना ऐसपैस जागा. ती सुईने थेंब थेंब सोडते, क्लोरोफॉर्म उडून जायला पंधरा मिनिटं थांबते आणि अडसर सुरू करते. आलेख बराच वेळ आडवाच राहतो, मग एकदम चढू लागतो. मीटरला तीस मिलिन्यूटनवर थांबायचं, आणि काचेची पट्टी सावकाश वर काढायची, म्हणजे थर काचेवर चढतो. खाली-वर करत राहिलं की थरावर थर. कॅथरीन ब्लॉजेटने जनरल इलेक्ट्रिकमध्ये असेच बेरियम स्टिअरेटचे ४४ थर काचेवर चढवले आणि १९३८ साली चकाकी न येणारी काच दाखवली. ४४ थरांची एकूण जाडी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या आसपास येते, म्हणून वरून आणि खालून परतलेला उजेड एकमेकांना खोडून टाकतो.

आपल्याकडेही हे काम नवं नाही. पुसाच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं उद्घाटन सरदार पटेलांनी २१ जानेवारी १९५०ला केलं. तिथे बी. डी. मल्होत्रा यांच्या गटाने १९९३मध्ये पॉलिॲनिलीन या वीज वाहणाऱ्या बहुवारिकाचे लँगम्युर-ब्लॉजेट थर केले. पुढे तोच गट स्वतःहून रचल्या जाणाऱ्या थरांवर विकरं बसवून रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजायच्या पट्ट्यांकडे वळला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्याच दशकात मुरली शास्त्री यांच्या गटाने पाण्यावर तरंगणाऱ्या थराखाली चांदीचे नॅनोकण विद्युतभाराने ओढून बसवले. पुण्याची ही प्रयोगशाळा उघडली तीही १९५०च्या जानेवारीतच.

आजचा आलेख चढला, पण मधेच घसरला. थर दुमडला. वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू आहे, कसलीशी केबल टाकतायत. कधी थांबेल ते ठेकेदारालाच ठाऊक. ट्रफ रिकामी करून पुसायची, नवं पाणी भरायचं. ज्युनियर न बोलता उठते. मला हे आवडतं तिचं.

सहा

काल बाटलीत सोडलेल्या चकत्या बाहेर. इथेनॉलने खळखळून धुवायच्या, नायट्रोजनने वाळवायच्या. दिसायला काहीच बदललेलं नाही. पाण्याचा थेंब मात्र टपोरा मणी होऊन बसतो: कोन ११२ अंश. कडेला मिथाइल गटांची दाट रांग असेल तर ११०च्या वर जातो. एलिप्सोमीटरवर जाडी २.१ नॅनोमीटर. कललेल्या साखळीची जेवढी हवी तेवढी.

या दोन आकड्यांवर लोक शोधनिबंध पाठवतात. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. कोन वरच्या कडेबद्दल सांगतो आणि जाडी ही सरासरी असते. आतल्या साखळ्या सरळ आहेत की वेड्यावाकड्या, हे अवरक्त वर्णपट सांगतो. किरण सोन्यावर जवळजवळ लोळवत पाठवायचे आणि परत आलेल्या उजेडात काय गायब आहे ते बघायचं. साखळीतल्या कार्बन-हायड्रोजन बंधांची एक रेषा २९२० च्या आसपास येते. २९१८ आली तर साखळ्या स्फटिकासारख्या ताठ. २९२४ किंवा पुढे गेली तर त्यांची अवस्था पातळ तेलासारखी. सहा आकड्यांच्या फरकावर माझा दिवस ठरतो.

पावणेआठ

पहिला संच, घंटा उघडताच बुडवलेला: २९१८. दुसरा संच मी मुद्दाम तासभर टेबलावर उघडा ठेवून मग बुडवला होता: २९२१. जाडी दोन्हींची सारखी, कोनातही एका-दोन अंशांचाच फरक. म्हणजे मळ ढकलला गेला, पण पुरता नाही, आणि साखळ्या उभ्या राहिल्या त्या सैल. थंडीत आणि पावसाळ्यात केलेले संच शेजारी ठेवले की हेच दिसतं. पावसाने हवा धुतलेली असते. सरांना मी म्हणाले की या तुलनेचा एक निबंध होऊ शकतो. ते म्हणाले, दिल्लीच्या हवेवर कुणी आपल्याला निबंध लिहू देईल, पण खर्च कोण देईल?

दिवे बंद करून निघाले तेव्हा वरचं ड्रिल थांबलं होतं. अर्थातच.

साडेनऊ

तात्या जेवून भट्टीशेजारच्या बाकावर बसले होते. माझ्या हातात आजीची चांदीची जोडवी. महिन्यापूर्वी त्यांतलं एक मी थायॉलच्या द्रावणात बुडवून काढलं होतं आणि दोन्ही खिडकीत ठेवली होती. करोलबागेच्या हवेतल्या गंधकाच्या वाफांनी साधं जोडवं काळवंडलंय, दुसरं अजून लखलखीत आहे. चांदीवर गंधकाच्या टोकाने उभे राहिलेले रेणू बाहेरच्या गंधकाला आत येऊ देत नाहीत. बाजारात चांदी काळी पडू नये म्हणून जी द्रावणं मिळतात त्यांतल्या काहींत हेच असतं.

तात्यांनी दोन्ही जोडवी उलटसुलट पाहिली, एक कसोटीच्या दगडावर ओढलं, मग खालच्या दुकानातल्या क्ष-किरण यंत्रात ठेवून टंच, म्हणजे शुद्धता, काढला. आकडे सारखेच. त्या यंत्राला दोन नॅनोमीटरचा कार्बनचा थर दिसतच नाही.

"काय लावलंयस?"

"तुमच्या सिलेंडरमधल्या वासाचा भाऊ."

"टंचात काय येत न्हाई?"

"नाही येत."

"मग ठीकाय." ते थोडा वेळ काळ्या जोडव्याकडे बघत राहिले. मग सोन्याचा विषय न काढता त्यांनी विचारलं, "त्या फॉइलच्या पिशव्यांचं काय करता तुम्ही? वर्षावर्षाच्या पडल्यात म्हणालीस. आण हिकडं, गाळून देतो. तोळाभर तरी निघंल."

"असं आणता येत नाही तात्या. सरकारी सोनं आहे. गाळायला द्यायचं तर तीन कोटेशनं लागतात."

"तीन व्हय? मग बाकीची दोन गल्लीतनं मीच आणून देतो की."

"आणि नातेवाइकाचं कोटेशन चालत नाही."

"मग तिन्ही गल्लीतनं आणतो," तात्या म्हणाले आणि शटर ओढायला उठले.